लिनक्स कर्नलचा ट्रेसिंग फिल्टर: चुकलेली अट आणि तिचा खुलासा

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, अंगभूत असलेले एफट्रेस हे साधन फुकट आहे, ते वेगळे उतरवून घ्यावे लागत नाही, आणि चालू यंत्रावर कर्नल आतमध्ये नेमके काय करतो आहे हे पाहण्यासाठी त्याच्याइतके हलके दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. या परीक्षणात मात्र मी त्याच्या एकाच अंगाबद्दल लिहिणार आहे. एफट्रेसच्या इव्हेंटांवर, म्हणजे कर्नलमधल्या ज्या घडामोडींची तो नोंद करतो त्यांवर, अट घालता येते, त्या अटीला फिल्टर म्हणतात. आणि ही अट चुकीची लिहिली गेली, तर कर्नल ती चूक कुठे, कशी आणि कितपत स्पष्टपणे सांगतो, एवढाच माझा विषय आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. फिल्टर उत्तम आहे आणि त्याचे त्रुटीसंदेश पूर्वीच्या तुलनेत पुष्कळ सुधारले आहेत, परंतु ज्याला त्यांची सर्वांत अधिक गरज असते त्याच्यापर्यंत ते अजूनही आपणहून पोहोचत नाहीत. पाचपैकी साडेतीन गुण द्यायला माझी हरकत नाही. उरलेले दीड गुण कुठे गेले, ते पुढे येईलच.

आमचे काम जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबक सिंचनाचे नियंत्रक तयार करण्याचे आहे. हे नियंत्रक मुख्यतः रावेर आणि यावल पट्ट्यातील केळीच्या बागांत बसतात. प्रत्येकात एक छोटा एआरएम बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि बोर्डाला जोडलेले व्हॉल्व्ह व पाणीमापक अशी रचना असते. शेतीपंपाची वीज पाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. वीज आली की पंप सुरू होतो, मुख्य पाइपात दाब तयार होतो आणि नियंत्रकाने ठरलेल्या क्रमाने व्हॉल्व्ह उघडायचे असतात. काही बोर्डांवर वीज परतल्यानंतर पहिला व्हॉल्व्ह उघडायला विलंब होत होता. व्हॉल्व्ह सांभाळणारा प्रोग्राम मुळात जागाच उशिरा होतो, की जागा होऊनही त्याला प्रोसेसर मिळत नाही, हे ठरवायचे तर शेड्युलरचे, म्हणजे कुणाला कधी प्रोसेसर द्यायचा हे ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाचे, इव्हेंट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

यातली अडचण अशी की बोर्ड बागेत असतो, आम्ही कार्यालयात असतो आणि मध्ये मोबाइलचे नेटवर्क असते, जे सातपुड्याच्या पायथ्याकडे सरकावे तसे विरळ होत जाते. टंकलेले प्रत्येक अक्षर थांबत थांबत पडद्यावर उमटते. अशा स्थितीत एक अट लिहून एंटर दाबल्यावर ‘राइट एरर: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ एवढेच उत्तर यावे आणि त्यापुढे काहीही नसावे, हा काय प्रकार असतो, ते ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. हाताशी वेगवान यंत्र असताना माणूस दहा वेळा अंदाजाने अट बदलून पाहतो आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. दूरच्या बोर्डावर ती चैन परवडत नाही. तिथे पहिल्याच उत्तरात चूक कळणे महत्त्वाचे ठरते.

आता साधनाकडे वळतो. एफट्रेस स्टीव्हन रोस्टेड यांनी लिहिले आणि ते २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीत आले. इव्हेंटांवरचे फिल्टर त्यानंतर २००९ मध्ये टॉम झानुसी यांच्या कामातून आले. वापरण्याची पद्धत अतिशय साधी आहे. ‘/सिस/कर्नल/ट्रेसिंग’ या ठिकाणी ‘इव्हेंट्स’ नावाची निर्देशिका असते, तिच्यात शेड्युलर, सिग्नल, सिस्टीम कॉल अशा एकेका उपप्रणालीची निर्देशिका, आणि त्या प्रत्येकीत एकेका इव्हेंटची. इव्हेंटच्या निर्देशिकेत ‘फॉरमॅट’ नावाच्या फाइलमध्ये त्या इव्हेंटची फील्डे, म्हणजे नोंदीतले माहितीचे एकेक रकाने, दिलेली असतात आणि ‘फिल्टर’ नावाच्या फाइलमध्ये आपण अट लिहायची असते. संख्यांसाठी समान, असमान, लहान, मोठे आणि बिट तपासणारा ‘&’ हे ऑपरेटर चालतात; मजकुरासाठी समान, असमान आणि नमुना जुळवणारा ‘~’ चालतो. ‘&&’, ‘||’, ‘!’ आणि कंस वापरून अटी हव्या तशा जोडता येतात, आणि शून्य लिहिले की फिल्टर निघून जातो. (येथे सर्व आदेश व नावे देवनागरीत दिली आहेत, टंकताना ती रोमन लिपीतच लिहायची आहेत.)

त्रुटी सांगण्याची अडचण या साधेपणातूनच उद्भवते. फाइलमध्ये मजकूर लिहिणे म्हणजे कर्नलच्या दृष्टीने ‘राइट’ हा सिस्टीम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी), आणि त्या कॉलला परत देण्यासाठी एक संख्या एवढीच जागा असते. अट चुकली की कर्नल २२ हा त्रुटी क्रमांक देतो, शेल, म्हणजे टंकलेले आदेश चालवणारा प्रोग्राम, त्या क्रमांकाचे ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ असे भाषांतर करून दाखवतो, आणि कंस राहिला, फील्डचे नाव चुकले की अवतरणचिन्ह सुटले, या सगळ्यांचे उत्तर एकच होते. कारण सांगायचे तर ते दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने सांगावे लागते. सुरुवातीला ती वाट अशी होती की चुकीची अट लिहिल्यावर तीच ‘फिल्टर’ फाइल वाचायची. तिच्यात आपण लिहिलेली अट, तिच्याखाली ‘^’ ही खूण आणि त्याखाली ‘पार्स एरर: फील्ड नॉट फाउंड’ अशा धर्तीचे वाक्य मिळते. सोय होती, पण जी फाइल लिहिणे नुकतेच फसले तीच उघडून वाचावी, हे कोणाला आपणहून सुचणार? शिवाय ती खूण अनेक वर्षे ओळीच्या अगदी सुरुवातीलाच उमटत असे, चूक कुठेही असो. कर्नलसोबतच्या दस्तऐवजात तशी प्रांजळ नोंद होती आणि खुणेची जागा अचूक नसली तरी संदेश उपयोगी पडावा, अशी त्याला जोड होती.

या बाबतीत खरा फरक दोन आवृत्त्यांनी पाडला. ४.१७ या आवृत्तीत, २०१८ मध्ये, रोस्टेड यांनी फिल्टरचा पार्सर, म्हणजे लिहिलेली अट वाचून तिचा अर्थ लावणारा भाग, नव्याने लिहिला. अट आता एका सपाट, क्रमाने चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामात बदलली जाते, ज्यातली प्रत्येक पायरी उत्तर खरे की खोटे आले यावरून पुढे कुठे उडी घ्यायची ते ठरवते. वेग हा या बदलाचा मुख्य हेतू होता. वापरणाऱ्याला मिळालेला लाभ असा की पार्सरला आपण कुठल्या अक्षरावर आहोत याचे भान राहू लागले आणि खूण चुकीच्या जागेजवळ उमटू लागली. पुढे ५.२ मध्ये, २०१९ साली, ‘एरर_लॉग’ नावाची स्वतंत्र फाइल आली. एफट्रेसमध्ये फिल्टर, हिस्टोग्राम ट्रिगर (इव्हेंटांची मोजणी मांडणारा) किंवा केप्रोब (कर्नलमधील हव्या त्या जागी नवा इव्हेंट बसवणारा) असा आदेश चुकीचा म्हणून फसला, की त्याची वेळ, प्रकार, कारण, मूळ आदेश आणि खूण अशी नोंद या एकाच फाइलमध्ये होते. शेवटच्या ८ नोंदी राहतात, जुन्या गळून पडतात, आणि फाइलमध्ये रिकामी ओळ लिहिली की ती साफ होते.

परीक्षणासाठी मी आमच्या कार्यालयातील बोर्डावर मुद्दाम चुकीच्या अटी लिहून पाहिल्या. शेड्युलरच्या ‘शेड_स्विच’ या इव्हेंटला प्रोसेसर सोडणाऱ्या आणि मिळवणाऱ्या प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, नावे, क्रमांक व प्राधान्य अशी फील्डे असतात. त्यातील ‘नेक्स्ट_पीआयडी’च्या जागी ‘नेक्स्टपीआयडी’ असे अधोरेषा गाळून लिहिले, तर ‘फील्ड नॉट फाउंड’ हा संदेश येतो आणि खूण त्या नावाशीच येऊन थांबते. अटीत चार फील्डे असली तरी कुठले सापडले नाही ते लगेच कळते. दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच दिले तर ‘इनव्हॅलिड ऑपरेटर’ येते. संख्येच्या फील्डवर ‘~’ लावला तर ‘इललीगल ऑपरेशन फॉर फील्ड टाइप’ असे उत्तर मिळते, आणि तेही योग्यच आहे. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. कंसाच्या बाबतीत मात्र थोडी गंमत आहे: बंद करणारा कंस एक जास्त पडला की कर्नल ‘टू फ्यू’ म्हणून उघडणारा कंस दाखवतो. गणिताच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे, पण शोधणाऱ्याची नजर उघडणाऱ्या कंसांकडे जाते आणि जास्तीचा कंस बिचारा शेवटी निवांत बसलेला असतो. खूण आहे म्हणून निभावते.

सर्वाधिक वेळ मी अवतरणचिन्हांवर घालवला, कारण नवीन माणूस हमखास तिथेच अडकतो. नव्या पार्सरला मजकुराची किंमत अवतरणचिन्हांतच हवी असते. ती नसतील तर ‘इनव्हॅलिड व्हॅल्यू’ असा संदेश येतो आणि त्याच्यापुढे चक्क प्रश्न विचारलेला असतो, की अवतरणचिन्हे विसरलात का? संपूर्ण यादीत मला सर्वांत आवडलेला संदेश हाच, कारण काय चुकले एवढ्यावर न थांबता तो पुढे काय करायचे तेही सांगतो. परंतु समजा एखाद्याने ‘इको कॉम == "व्हॉल्व्हडी"’ असे लिहून ते फिल्टरमध्ये पाठवले (‘इको’ हा मजकूर लिहिणारा आदेश, ‘कॉम’ म्हणजे प्रोसेसचे नाव). त्याने अवतरणचिन्हे दिली आहेत, ती त्याला पडद्यावर दिसत आहेत, आणि कर्नल मात्र विचारतो आहे की विसरलात का. होते असे की दुहेरी अवतरणचिन्हे शेल स्वतःच खाऊन टाकतो आणि कर्नलपर्यंत उघडा शब्द पोहोचतो. संपूर्ण अट एकेरी चिन्हांत आणि आतला मजकूर दुहेरी चिन्हांत ठेवला की काम होते. आमच्याकडे प्रशिक्षणाला येणारी अभियांत्रिकीची मुले हुशार असतात, पण या जागी बहुतेक सगळीच थबकतात. ‘एरर_लॉग’मध्ये कर्नलला प्रत्यक्ष मिळालेला आदेश छापलेला असतो, त्यामुळे तिथे पाहिले तर चिन्हे गायब झालेली दिसतात; संदेशापेक्षा ती छापलेली ओळच खरी गोष्ट सांगते.

आता उणिवा. पहिली आणि माझ्या मते सर्वांत गंभीर उणीव संदेशाच्या शब्दांत नाही, तर चूक झाल्यानंतर यंत्र कुठल्या अवस्थेत राहते यात आहे. एखाद्या इव्हेंटवर आधी एक बरोबर फिल्टर लावलेला असेल आणि तो बदलताना नवीन अट चुकली, तर जुना फिल्टर शाबूत राहील अशी कुणाचीही अपेक्षा असते. तसे होत नाही. कर्नल जुन्याच्या जागी नवा, चुकीचा फिल्टर ठेवतो, त्रुटीचा मजकूर दाखवता यावा म्हणून तो जपतो, आणि त्या इव्हेंटवरील गाळणीच बंद करतो. म्हणजे अट चुकली की इव्हेंट थांबत तर नाहीच, उलट त्याचे सगळे प्रसंग बेधडक नोंदले जाऊ लागतात. केळीच्या बागेत एखाद्या रांगेचे पाणी तोडायला जावे आणि मुख्य व्हॉल्व्हच उघडा पडावा, तसा हा प्रकार आहे. एफट्रेसचा बफर, म्हणजे नोंदी साठवण्याची जागा, मुळात प्रत्येक प्रोसेसरमागे १४०८ केबी इतका असतो. चार प्रोसेसरांच्या बोर्डावर सगळे मिळून साडेपाच एमबीच्या आसपास. ‘शेड_स्विच’सारखा इव्हेंट गाळणीविना सुटला तर एवढी जागा बघता बघता भरते, जुन्या नोंदींवर नव्या चढतात, आणि रात्री वीज आली तेव्हाची जी एक नोंद हवी होती तीच वाहून जाते. स्क्रिप्टने ‘इको’चा निकाल तपासला नाही तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. असे वर्तन ठेवण्यामागची सोय मला समजते, तरी संदेशात ‘फिल्टर आता बंद आहे’ एवढे शब्द वाढवायला काय हरकत होती?

दुसरी उणीव उपप्रणालीच्या फिल्टरची. शेड्युलरच्या संपूर्ण निर्देशिकेसाठी एकच अट ‘शेड/फिल्टर’ या फाइलमध्ये लिहिता येते, आणि ज्या ज्या इव्हेंटांना ती फील्डे आहेत त्यांना ती लागू होते. एखाद्या इव्हेंटला ते फील्ड नसणे यात चूक काहीच नाही. ‘प्रीव्ह_पीआयडी’ हे फील्ड ‘शेड_स्विच’ला असते, ‘शेड_वेकअप’ला नसते, आणि तसे व्हायचेच. अडचण अशी की इथे प्रत्येक अपयशाचा खुलासा एकाच साच्यातल्या वाक्याने होतो: उपप्रणालीतील एखाद्या इव्हेंटमध्ये फील्ड सापडले नाही किंवा लावता आले नाही. मूळ कारण अवतरणचिन्हाचे असो, ऑपरेटरचे असो की कंसाचे, आतल्या पार्सरने ते अचूक ओळखलेले असते, परंतु त्याच्यावर हे सर्वसाधारण वाक्य चढवले जाते आणि खूणही पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसते. म्हणजे २०१८ मध्ये जे कमावले ते या एका फाइलपुरते गमावल्यासारखे झाले. व्याकरणाची चूक आणि फील्ड नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सगळ्याच इव्हेंटांत सारखीच चुकणार, ती एकदाच आणि स्पष्ट सांगावी, दुसरीत कुठल्या इव्हेंटांना अट लागली आणि कुठल्यांना नाही ते सांगावे. तोवर आमचा उपाय साधा आहे: अट आधी एका इव्हेंटवर लावून पाहायची आणि ती बसली की मगच उपप्रणालीवर लावायची.

तिसरी गोष्ट पर्फ या लिनक्सच्या कामगिरी मोजणाऱ्या साधनाची. पर्फमध्येही ‘--फिल्टर’ हा पर्याय आहे, त्यामागे कर्नलचा हाच पार्सर चालतो, अटीचे व्याकरणही तेच. पण त्या वाटेने गेल्यास कारणाचा मजकूर तयारच केला जात नाही. पर्फला फक्त क्रमांक मिळतो आणि अमुक इव्हेंटवर अमुक फिल्टर लावता आला नाही, २२, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट, एवढे सांगून ते मोकळे होते. म्हणून पर्फमध्ये अट फसली की मी तीच अट एफट्रेसच्या ‘फिल्टर’ फाइलमध्ये लिहून ‘एरर_लॉग’ वाचतो. एका साधनाची चूक कळण्यासाठी शेजारचे साधन उघडावे लागणे हे काही भूषण नव्हे. अटीची लांबी हाही असाच एक आंधळा कोपरा आहे. लिहिलेला मजकूर एका पानाच्या मापाला, म्हणजे सामान्यतः ४०९६ बाइटांना, पोहोचला तर तो पार्सरपर्यंत जातच नाही. उत्तर तेच इनव्हॅलिड आर्ग्युमेंट, आणि ‘एरर_लॉग’मध्ये त्याचा पत्ताही नसतो. हाताने एवढी मोठी अट कोणी लिहीत नाही, परंतु प्रोसेस क्रमांकांची यादी घेऊन स्क्रिप्टने तयार केलेल्या अटी सहज तितक्या लांबतात.

इथवरच्या चुका निदान चुका म्हणून तरी पकडल्या जातात. ज्या अटी व्याकरणाने शुद्ध असतात पण कधीच खऱ्या होऊ शकत नाहीत, त्यांच्याबद्दल कर्नल अवाक्षर काढत नाही. कर्नलमध्ये प्रोसेसच्या नावासाठी १६ बाइटांची जागा असते, शेवटचा बाइट समाप्तीच्या खुणेचा, म्हणजे हाती १५ अक्षरे. प्रोग्रामचे नाव त्याहून मोठे असेल तर ते कापले जाते. अशा प्रोग्रामचे पूर्ण नाव देऊन समानतेची अट लिहिली की फिल्टर मुकाट्याने स्वीकारला जातो आणि ट्रेस रिकामा येतो. आमच्या व्हॉल्व्हच्या प्रोग्रामचे नाव आखूड असल्याने तो सुटला, पाणीमापक वाचणाऱ्याचे नाव लांबलचक असल्याने तो सापडेना. त्याच्यासाठी ‘~’ वापरून सुरुवातीच्या अक्षरांवर तारांकित नमुना द्यावा लागतो. फील्डची लांबी कर्नलला ठाऊक असते, दिलेल्या मजकुराची लांबीही ठाऊक असते, तेव्हा ही तुलना कधीच जुळणार नाही एवढे सांगणे त्याला अवघड नसावे.

‘कॉम’ या नावाची कथा आणखी निसरडी आहे. हे नाव कुठल्याही इव्हेंटवर चालते आणि त्याचा अर्थ त्या क्षणी प्रोसेसरवर चालू असलेल्या प्रोसेसचे नाव असा होतो. पण ‘शेड_वेकअप’सारख्या इव्हेंटला स्वतःचेच ‘कॉम’ नावाचे फील्ड असते आणि तिथे त्याचा अर्थ जागी केली जाणारी प्रोसेस असा असतो. जागी करणारी प्रोसेस हवी असेल तर हेच नाव मोठ्या रोमन अक्षरांत लिहावे लागते. तीच अट दोन इव्हेंटांवर लावली तर एकीकडे उठवणारा आणि दुसरीकडे उठणारा अशी गल्लत होते, आणि दोन्ही अटी निर्विवाद शुद्ध असल्याने संदेश येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आमच्या विलंबाच्या शोधात हा भेद निर्णायक होता: व्हॉल्व्हचा प्रोग्राम कधी जागा झाला हे पाहायचे होते, त्याने कोणाला जागे केले हे नव्हे.

तुलनेसाठी दोन नोंदी आवश्यक आहेत. केप्रोबच्या आदेशांचे त्रुटीसंदेश, जे मासामी हिरामात्सू यांच्या कामामुळे ५.२ पासून याच ‘एरर_लॉग’मध्ये येतात, ते फिल्टरच्या संदेशांहून अधिक बारकाईने लिहिलेले आहेत, आदेशाच्या कुठल्या भागात काय चुकले हे तिथे अधिक नेमके कळते. दुसरीकडे बीपीएफट्रेस हे वेगळे ट्रेसिंग साधन आहे, ज्यात अट कर्नलबाहेरच तपासली जाते आणि म्हणून चूक थेट आपल्यासमोर, चुकीच्या भागाखाली रेघ ओढून छापली जाते. संदेशांच्या बाबतीत बीपीएफट्रेस निःसंशय पुढे आहे. पण त्याच्यासोबत एलएलव्हीएम या कंपायलर-संचाचा सगळा पसारा येतो, आणि आमच्या बोर्डावरच्या मोजक्या जागेत तो बसवणे शहाणपणाचे नाही. एफट्रेसला लागते ते फक्त शेल, ‘इको’ आणि ‘कॅट’. मे महिन्यात जेव्हा जळगाव-भुसावळचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते आणि पत्र्याच्या पेटीतला बोर्ड आधीच त्रासलेला असतो, तेव्हा हे हलकेपण जमेस धरावेच लागते. ट्रेस-सीएमडी हे सोबतचे साधन बसवायला हलके आहे, पण आम्ही थेट फाइलींवरच काम करतो, कारण ते प्रत्येक बोर्डावर मिळतेच असे नाही.

फिल्टरची भाषा अजून वाढते आहे, ही गोष्टही लक्षात ठेवली पाहिजे. वापरकर्त्याच्या स्मृतीतील मजकूर तपासण्यासाठी फील्डच्या नावापुढे ‘.यूस्ट्रिंग’ लावता येते, पत्त्याच्या फील्डवर कर्नलमधील फंक्शनचे नाव देण्यासाठी ‘.फंक्शन’ आले, आणि ६.६ पासून महिरपी कंसांत प्रोसेसरांची यादी देऊन ‘सीपीयूज’ असे लिहिता येते. प्रत्येक नव्या सोयीबरोबर यादीत नवे संदेशही आले: फंक्शन सापडले नाही, प्रोसेसरांची यादी अवैध आहे, महिरपी कंस राहिला. व्याकरण वाढवताना त्याच्या चुकांचाही विचार होतो आहे, हे समाधानकारक आहे. माझी अपेक्षा त्यापुढची आहे. ‘फील्ड नॉट फाउंड’ म्हणताना न सापडलेले नाव संदेशातच यावे, म्हणजे खुणेची जागा डोळ्यांनी मोजत बसावे लागणार नाही. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब आदेश दोन-तीन ओळींत मोडतो आणि खूण भलत्याच अक्षराखाली जाऊन पडते, तेव्हा या गोष्टीचे मोल कळते. जवळचे नाव सुचवणे ही कर्नलची जबाबदारी आहे असे मी म्हणणार नाही. ‘फॉरमॅट’ फाइल शेजारीच असते, ती पाहावी.

आमच्या स्क्रिप्टमध्ये आता क्रम ठरलेला आहे. आधी ‘ट्रेसिंग_ऑन’मध्ये शून्य लिहून नोंदणी थांबवायची, ‘एरर_लॉग’ साफ करायचा, मग अट लिहायची, ‘इको’चा निकाल तपासायचा, निकाल बिघडला तर ‘एरर_लॉग’ जसाच्या तसा छापून तिथेच थांबायचे, आणि अट बसल्याचे पाहूनच इव्हेंट व नोंदणी चालू करायची. त्यामुळे गाळणीविना सुटलेल्या इव्हेंटने बफर भरून जाण्याचा प्रकार बंद झाला आणि दूरच्या बोर्डाशी होणाऱ्या फेऱ्या कमी झाल्या. स्वतंत्र इन्स्टन्समध्ये, म्हणजे स्वतःचा बफर असलेल्या वेगळ्या ट्रेसिंग निर्देशिकेत, काम करत असाल तर त्या इन्स्टन्सच्या निर्देशिकेतला ‘एरर_लॉग’ पाहावा, वरचा नव्हे. बोर्डाच्या निर्मात्याने दिलेला कर्नल ५.२ हून जुना असेल, आणि स्वस्त बोर्डांवर तो अनेकदा तसा असतो, तर ही फाइल मिळणार नाही. तिथे फसलेली ‘फिल्टर’ फाइल पुन्हा वाचण्याचा जुना मार्गच उरतो, आणि कर्नल ४.१७ हूनही जुना असेल तर खुणेकडे दुर्लक्ष करून फक्त तिच्याखालचे वाक्य वाचावे.